एअरमॅन काही हरेना

माझ्या आईला रॉक संगीताचा तिटकारा आहे. गल्लीतल्या मंडळाने भिंतभर स्पीकर लावले की ती कानात कापसाचे बोळे घालून ज्ञानेश्वरी उघडते. तरीही एक जपानी रॉक चाल तिच्या गळ्यात अशी काही बसली आहे की विचारू नका. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभी राहून ती गुणगुणत असते. सुरुवात देवीच्या आरतीने होते, दुसऱ्या कडव्याशी शब्द अडखळतात, आणि मग सांधा कुठे बदलला हे कळू न देता बंदुका सुरू होतात. ती चाल असते कोनामी नावाच्या जपानी कंपनीने १९८७ साली काढलेल्या ‘कॉन्ट्रा’ ह्या खेळाच्या पहिल्या टप्प्याची.

आईने तो खेळ आयुष्यात कधी खेळलेला नाही. दोष माझा आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या घरी ‘टीव्ही गेम’ आला. निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची ती कुणीतरी, कुठेतरी केलेली नक्कल होती. खोक्यावरच्या चित्राचा आणि आतल्या मालाचा काडीचाही संबंध नव्हता. सोबत एक पिवळी कॅसेट. तिला कॅसेटच म्हणायचे, दुसरा शब्द आमच्या गावात पोहोचलाच नव्हता. तिच्यावर नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचं छापलं होतं. त्यातले खरे सहा. लग्नात तेच पाहुणे तीन पंगतींना बसावेत, तसे ते सहा खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा उपचार आम्हाला कुणी शिकवला नव्हता. गाईच्या वासराला उभं राहायला कोण शिकवतं?

‘कॉन्ट्रा’मध्ये माणसाला तीन जीव मिळत. पहिल्याच टप्प्यात एक पूल लागतो, त्यावर पाय ठेवला की त्याचे तुकडे एकामागून एक उडू लागतात. मी तिथे मरायचो. तीस जीव मिळवायची एक गुप्त युक्ती होती, त्यासाठी दहा बटणं ठरावीक क्रमाने दाबायची असत. पण मौखिक परंपरेने ती आमच्या गल्लीत येईतो तिच्यातली एक पायरी गळली होती. आम्ही नऊच बटणं श्रद्धेने दाबायचो, कपाळाला हात लावायचो आणि तीन जिवांनिशी मरायचो. जीव संपले की खेळ पहिल्यापासून, आणि गाणंही पहिल्यापासून. पलीकडच्या खोलीत भाकऱ्या थापणाऱ्या आईच्या कानावर ते किती हजार वेळा पडलं असेल, हे तो पूलच जाणे.

माझा आतेभाऊ तिसऱ्या टप्प्यातल्या धबधब्यापर्यंत जायचा. त्यामुळे आत्याला तीन चाली येतात, असं आत्या म्हणते. आईला ते मान्य नाही. ‘वन्सं पुढचं मनाने लावतात,’ असं तिचं गेली तीस वर्षं मत आहे.

हे सगळं उकरून काढायचं कारण असं की, ह्याच चाली गिटारी आणि ड्रम घेऊन वाजवणारे बँड जगात आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना तिकीट असतं आणि तिकीट काढून लोक जातात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात ‘मिनीबॉसेस’ नावाचा बँड आहे. खेळातल्या मोठ्या साहेबापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत जो अडवतो तो मिनीबॉस. कचेरीत ह्यालाच हेडक्लार्क म्हणतात. ही मंडळी ‘कॉन्ट्रा’ अशा गांभीर्याने वाजवतात की समोर बसलेल्याने मांडी मोडायला संकोचावं. बॉस्टनकडे ‘पॉवरग्लव्ह’ नावाचा एक मेटल बँड आहे. पॉवर ग्लव्ह हे १९८९ साली निघालेलं एक खेळाचं उपकरण, म्हणजे हातात घालायचा प्लास्टिकचा मोजा. तो घालून हवेत हात हलवला की पडद्यावरचा माणूस हलेल अशी अपेक्षा होती. बऱ्याचदा हलायचा तो फक्त हात. एवढ्या गाजलेल्या फजितीचं नाव बँडला देणाऱ्यांबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

ह्या बँडांच्या कार्यक्रमांची चित्रफीत पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. एखादी चाल सुरू होताच समोरचा जमाव आनंदाने ओरडतो, आणि त्या ओरडण्यात एक जुनं दुखणं असतं. माणसाला कुठल्या टप्प्याचं गाणं सगळ्यात चांगलं येतं? ज्या टप्प्यावर तो सगळ्यात जास्त वेळा मेला, त्याचं. जिथून तो पहिल्याच झटक्यात पार झाला तिथलं संगीत त्याने ऐकलंच कुठे? त्यामुळे हा सगळा प्रकार म्हणजे हरलेल्यांसाठी हरलेल्यांनी काढलेला वाद्यवृंद आहे, असं माझं पक्कं मत झालं. आणि ह्या मताला सज्जड पुरावा जपानने २००७ साली दिला.

त्या साली ‘टीम नेकोकान’ नावाच्या मंडळींचं एक गाणं निघालं. नेकोकान म्हणजे मांजराच्या खाण्याचा डबा. गाण्याचं नाव ‘एअरमॅन गा ताओसेनाई’, अर्थात, एअरमॅनला काही हरवता येत नाही. हा एअरमॅन १९८८ सालच्या ‘रॉकमॅन २’ ह्या खेळातला एक यंत्रमानव आहे. त्याला मान नाही, डोकंही वेगळं नाही, पोटात मात्र भलामोठा पंखा आहे. तो पंख्यातून वावटळी सोडतो, आपण मागे ढकलले जातो, आणि मरतो. एवढंच. ह्या विषयावर एक अख्खं रॉक गाणं आहे. गिटारी किंचाळतात, ड्रम धावतात, आणि गाणारा जीव तोडून सांगतो की काहीही केलं तरी ती वावटळ चुकवता येत नाही.

रॉकवाल्यांनी आजवर प्रेमभंगावर गाणी केली, युद्धावर केली, सरकारवर केली. टेबलफॅनपुढे शरणागती पत्करणारं गाणं करायला जपानी माणूसच हवा. आणि त्या गाण्यात टवाळी नाही, हे विशेष. आर्तता आहे. आपल्याकडे ह्या भावाला विराणी म्हणतात. विराणीत डोळे लागलेले असतात ते पंढरीच्या वाटेकडे, इथे ते पोटातल्या पात्यांकडे लागलेत. खेळातले जाणकार म्हणतात की एअरमॅन तसा सोपा, त्याच खेळातला क्विकमॅन खरा अवघड. पण जाणकारांचं हे नेहमीचंच. ज्याचा पाय घसरला त्याला ते जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवतात. जपानमध्ये ते गाणं ज्या वेगाने पसरलं, त्यावरून एअरमॅनपुढे लोळण घेतलेल्यांची संख्या कळते. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच.

रॉकमॅनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ह्या प्राण्याच्या नावातच बँड आहे. कॅपकॉम कंपनीने १९८७ साली तो आणला. नायकाचं नाव रॉक. त्याच्या बहिणीचं नाव रोल. पुढे त्याला एक भाऊ मिळाला, त्याचं नाव ब्लूज. म्हणजे जपान्यांनी एका वैज्ञानिकाच्या घरात अमेरिकन संगीताचा सगळा गोतावळा नांदवला होता. मग हा खेळ अमेरिकेत गेला, आणि रॉक-अँड-रोलच्या जन्मभूमीत गेल्यावर त्याच्या नावातला रॉक काढून टाकण्यात आला. तिथे तो ‘मेगामॅन’ झाला. बहीण मात्र रोलच राहिली. आता एकट्या रोलला तिच्या नावाचा अर्थ कुणी विचारला तर बिचारीने काय सांगावं? ह्याचं प्रायश्चित्त म्हणून की काय, टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये, म्हणजे गिटार आणि काउबॉय टोप्यांच्या पंढरीत, ‘द प्रोटोमेन’ नावाचा एक बँड उभा राहिला. त्याने ह्या निळ्या यंत्रमुलावर चक्क रॉक ऑपेरा रचला. २००५ साली त्याचा पहिला भाग आला, २००९ साली दुसरा. ही मंडळी तोंडं रंगवून उभी राहतात आणि मूळ खेळात ज्या गोष्टीला दोन वाक्यांत उरकलं होतं तिच्यातून भावाभावांची शोकांतिका काढतात. आपल्याकडे महाभारतातल्या एका ओळीवरून तीन अंकी नाटक काढणारे होऊन गेले, त्यांना हे पटलं असतं.

आता मला बरेच दिवस एक कोडं होतं. ह्या पिपाणीसारख्या चाली रॉक बँडला इतक्या अंगासरशा कशा बसतात? सतारीवर का नाही, बँजोवर का नाही? त्याचं उत्तर यंत्राच्या पोटात आहे, आणि ते मला फार आवडतं.

निन्टेन्डोचं ते यंत्र, जपानी नाव फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलं. त्याच्या ध्वनीच्या भागात मोजून पाच वाटा होत्या. दोन वाटांवरून टोकदार, किनऱ्या आवाजाची लहर निघायची. तिसरीवरून जरा मऊ, जाड लहर. चौथीवरून नुसता खरखराट, टीव्हीवर मुंग्या आल्या की येतो तसा. पाचवी वाट ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी होती, आणि तिथे जागेची चणचण इतकी की तिच्यावर फार कुणी विसंबत नसे. आता हिशेब मांडा. दोन किनऱ्या लहरी म्हणजे दोन गिटारी. जाड लहर म्हणजे बेस. खरखराट म्हणजे ड्रम. त्या काड्यापेटीएवढ्या चिपमध्ये आधीपासूनच चार जणांचा रॉक बँड कोंबून बसवलेला होता! बाहेरच्या बँडांनी त्याला फक्त हात धरून बाहेर काढलं.

आत असताना त्या चौघांचे हाल कुत्रा खात नव्हता. एका वाटेवर एका वेळी एकच स्वर. त्यामुळे तीन स्वर एकत्र वाजल्याचा भास करायचा, तर तिन्ही स्वर एकामागून एक इतक्या वेगाने फिरवायचे की कानाने फसावं. एका हाताने तीन घरची धुणीभांडी करण्याचाच हा प्रकार. त्यात आणखी एक संकट होतं. नायकाने उडी मारली, गोळी झाडली, नाणं उचललं की तो आवाजही ह्याच वाटांवरून जायचा. म्हणजे गोळी सुटली की एक गवई त्या क्षणापुरता गप्प. मैफल ऐन रंगात आलीय आणि यजमानांना खोकला लागला म्हणून सारंगी थांबवायची, तसं. आम्ही ‘कॉन्ट्रा’त बंदुकीच्या बटणावरून अंगठा उचलतच नसू. त्यामुळे त्या चालीतले कितीतरी स्वर आम्ही स्वतःच गोळ्या घालून मारलेले आहेत. बँडवाले ते सगळे स्वर वाजवतात, तेव्हा मेलेली माणसं परत आल्यासारखं वाटतं.

ज्यांनी ह्या चिपमध्ये आयुष्य काढलं त्यांच्यापैकी एकाला पुढे खराखुरा बँड मिळाला. नोबुओ उएमात्सु, जन्म १९५९, गाव कोची. संगीत कुणाकडे शिकले नाहीत, स्वतःच्या स्वतः शिकले. १९८६ साली ते स्क्वेअर नावाच्या कंपनीत लागले आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘फायनल फँटसी’ला त्यांनी चाली दिल्या. नावात फायनल असूनही ह्या खेळाचे भाग अजून निघतायत. आपल्याकडे नाट्यप्रयोगाच्या जाहिरातीत ‘अखेरचे काही प्रयोग’ असतं, तीच गत. उएमात्सुंच्या मनात तरुणपणापासून इमर्सन, लेक अँड पामर ह्यांच्यासारखे लांबलचक, ऑर्गनवाले रॉक बँड घुमत होते. आणि हातात होत्या चिपच्या त्या चिंचोळ्या वाटा. माणसाने हत्ती पाळायचं ठरवावं आणि घर चाळीत मिळावं.

मग ह्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्याच कंपनीतले दोन सहकारी, की-बोर्डवाले केनिचिरो फुकुई आणि गिटारवाले त्सुयोशी सेकितो, ह्यांच्यासोबत ‘द ब्लॅक मेजेस’ हा बँड जमला. २००३ साली पहिला अल्बम निघाला तेव्हा उएमात्सु त्रेचाळीस वर्षांचे होते. डोक्याला रुमाल, मिशा, लांब केस, आणि नोकरी व्हिडिओ गेमच्या कंपनीत. आपल्या कचेऱ्यांच्या स्नेहसंमेलनातही अकाउंट्सचे साहेब किशोरकुमार गातात, स्टोअर्सचे कुणी तबल्याला बसतात आणि हाताखालचे लोक वार्षिक अहवालाच्या भीतीने वन्समोअर देतात. इथे फरक एवढाच की साहेबांनी गायलेली गाणी साहेबांचीच होती, आणि वन्समोअर मनापासून होता.

पहिल्या अल्बमचा विषय काय, तर लढाया. बागेतलं संगीत नाही, प्रेमाचं नाही, सगळी मारामारीच्या प्रसंगांची. ज्यांनी हे खेळ खेळले आहेत त्यांना ह्यामागचं शहाणपण लगेच कळेल. त्या जुन्या खेळांत आपण शेतातून सरळ चाललेलो असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अचानक पडदा गरगरतो आणि समोर दोन राक्षस आणि एक बेडूक उभा. लढाईची चाल सुरू. त्यांना मारून चार पावलं टाकली की पुन्हा पडदा गरगरतो. तोच बेडूक. तीच चाल. एक खेळ संपवेपर्यंत हे शेकडो वेळा होतं. लग्नसराईत पुण्याच्या लक्ष्मी रोडवरून चालताना ओळखीची माणसं भेटतात तसं हे. आणि ह्या सगळ्या आठवणी गोळा करून उएमात्सुंनी समोर ठेवल्या, ऑर्गनसह. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावणार नाहीत तर काय?

‘फायनल फँटसी ६’ हा खेळ १९९४चा. त्यात शेवटच्या खलनायकाशी लढताना वाजणारी चाल सतरा-एक मिनिटांची आहे. बहुतेक खेळांत खलनायकाला तेवढा वेळ आयुष्यच मिळत नाही. त्याच खेळात मधेच एक ऑपेरा लागतो. नायिकेला रंगमंचावर जाऊन गायचं असतं आणि योग्य ओळ आपल्याला निवडावी लागते. चुकलो की नाटकाचा बोजवारा. यंत्राला शब्द उच्चारता येत नव्हते, त्यामुळे पडद्यावर ओळी उमटायच्या आणि गायकांच्या गळ्यातून निघायचं फक्त ‘आऽऽ’, ज्यात काही शब्द असावेत असं समजायचं. संगीत नाटकाच्या उतरत्या काळातल्या एखाद्या प्रयोगाला मागच्या रांगेत बसलेल्यांना हा अनुभव परका नाही. पुढे २००८ साली ब्लॅक मेजेसने तिसऱ्या अल्बममध्ये तो ऑपेरा खऱ्या गायकांकडून, खऱ्या शब्दांत गाऊन घेतला. चौदा वर्षं ‘आऽऽ’ करत उभ्या असलेल्या त्या नायिकेला अखेर कंठ फुटला. दोन वर्षांनी बँड मोडला. नंतर उएमात्सुंनी दुसरा काढला, त्याचं नाव ‘अर्थबाउंड पापाज’. पापाज, म्हणजे बाबालोक. पन्नाशीत आलेल्या रॉकवाल्यांनी बँडला दिलेलं एवढं प्रामाणिक नाव माझ्या पाहण्यात नाही.

इथवर सगळी खेळांची गोष्ट झाली. ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या, गाण्यांचं दुखणं नेमकं उलटं आहे. खेळाची चाल कधी संपत नाही, ॲनिमेचं शीर्षकगीत नव्वद सेकंदांत संपतं. टीव्हीवर तेवढीच जागा. पूर्ण गाणं चार मिनिटांचं असतं, पण लोकांना पाठ असतो तो पहिला दीड मिनिटाचा तुकडा. आपल्याकडे गणपतीच्या आरतीचं पहिलं कडवं अख्खी गल्ली दणाणून म्हणते, तिसऱ्याशी भटजी आणि एक हट्टी आजोबा उरतात. जपानमध्ये १९९६ साली निघालेल्या ‘ॲनिमेटल’ नावाच्या बँडने ह्यावर तोड काढली. ॲनिमेची गाणी हेवी मेटलमध्ये, पण लोकांना येतो तेवढाच तुकडा, की लगेच पुढचं गाणं, थांबायचं नाही. त्या अल्बमांना त्यांनी नाव दिलं मॅरेथॉन. त्यांच्यावरून २०११ साली अमेरिकन वादकांचा ‘ॲनिमेटल यूएसए’ निघाला. त्यात जुडास प्रीस्टचा ड्रमवाला होता. म्हणजे पश्चिमेने मेटल जपानला दिलं, जपानने त्यात यंत्रमानव भरून ते परत केलं, आणि अमेरिकन माणसं तोंडाला रंग फासून ते पुन्हा जपान्यांनाच विकायला निघाली.

जुन्या ॲनिमे गाण्यांत नायकाच्या शस्त्रांची नावं मोठ्याने घ्यायची पद्धत होती. १९७२च्या ‘माझिंगर झेड’च्या शीर्षकगीतात यंत्रमानवाच्या उडत्या मुठीचं आणि छातीतल्या आगीचं नाव येतं. ह्याच यंत्रमानवाची धातूची खेळणी पुढे दुकानांत आली, तेव्हा गिऱ्हाइकाला माहितीपत्रक द्यायची गरज उरली नाही. ते त्याला पाठच होतं. हे गाणं गाणारे इचिरो मिझुकी ह्यांना सगळा जपान ‘अनिकी’ म्हणायचा, म्हणजे दादा. ह्या दादांनी १९९९ साली चोवीस तासांत एक हजार गाणी गायली. आपल्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते हे खरं, पण तिथे पहारे बदलतात, एकाचा पहारा संपला की दुसरा वीणा गळ्यात घेतो, पहिला जाऊन आमटी-भात जेवतो. इथे वीणाही एकच आणि पहारेकरीही एकच.

पुढच्याच वर्षी मिझुकी आणि आणखी काही गायकांनी मिळून ‘जॅम प्रोजेक्ट’ काढला. त्यातले हिरोनोबु कागेयामा शाळकरी वयातच एका लोकप्रिय बँडचे गायक झाले होते. बँड फुटल्यावर त्यातल्या दोघांनी ‘लाउडनेस’ हा जपानचा नामांकित मेटल बँड उभारला, आणि कागेयामांवर पोटासाठी बांधकामावर कामं करायची वेळ आली. मग लहान मुलांच्या मालिकांची गाणी मिळू लागली, आणि १९८९ साली त्यांनी ‘ड्रॅगन बॉल झेड’चं शीर्षकगीत गायलं. त्या वेळच्या रॉकवाल्यांना पोरांच्या कार्टूनचं गाणं म्हणजे उतरती पायरी वाटत असणार. आज मेक्सिकोपासून फ्रान्सपर्यंत पंचेचाळिशीची, टक्कल पडू लागलेली माणसं ते गाणं जपानीतून, एकही शब्द न समजता, मुठी वळून म्हणतात.

आमच्या पिढीचं तसं झालं नाही, कारण आम्हाला ॲनिमे भेटलं ते वेषांतर करून. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा, तो निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली बनवलेला जपानी मोगली होता. लिहिला इंग्रजाने, चितारला जपान्यांनी, आणि जपानी शीर्षकगीताच्या जागी आलं गुलजारांचं चड्डीतल्या फुलाचं गाणं, विशाल भारद्वाजांच्या चालीत. आम्हाला तो शेजारच्या मध्य प्रदेशातला वाटायचा. गोष्टीतल्या जंगलाच्या हिशेबाने तो होताही तिथलाच. पण त्यामुळे झालं असं की जगभरच्या लोकांना जपानी गाणी मिळाली, आम्हाला गुलजार मिळाले. तक्रार करायला जागा नाही.

अलीकडे तर गोष्ट पुरती गोल फिरली आहे. ‘बोची द रॉक!’ ही २०२२ची ॲनिमे मालिका चार मुलींच्या एका काल्पनिक बँडची. बँडचं नाव ‘केस्सोकु बँड’, त्याचा अर्थ वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी. चौघींची आडनावं ‘एशियन कुंग-फू जनरेशन’ ह्या खऱ्या बँडच्या चौघांवरून घेतलेली. म्हणजे ॲनिमेवरून बँड नव्हे, बँडवरून ॲनिमे, आणि त्या ॲनिमेतल्या नसलेल्या बँडचा अल्बम खरोखरचा. त्यातली नायिका गिटार उत्तम वाजवते, पण माणसं पाहिली की तिची वाचा बसते. घरी ती कपाटात बसून सराव करते. पहिल्या कार्यक्रमाला तिला मंचावर उभं राहवेना, तेव्हा ती एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून वाजवते, आणि त्या खोक्यावर लिहिलेलं असतं: पिकलेला आंबा. मराठी माणसाला हे पाहून भरून यायला हवं. पेटीवादनाची आपली परंपरा थोर आहे, पण आंब्याच्या पेटीत शिरून वादन करण्याची कल्पना कोकणातसुद्धा कुणाला सुचली नव्हती.

मला स्वतःला ह्या सगळ्यांत सर्वात भावतो तो अमेरिकेतल्या जॉर्जियातला ‘बिट ब्रिगेड’. ह्या बँडमध्ये गिटार, बेस, ड्रम असे सगळे आहेत, आणि एक माणूस आहे ज्याच्या हातात वाद्य नाही. तो मंचावर बसून खेळ खेळतो. खरोखर. मागे मोठ्या पडद्यावर त्याचा खेळ दिसतो आणि बँड त्याच्या पावलाबरोबर वाजवतो. तो दारातून आत शिरला की चाल बदलते, साहेबासमोर उभा राहिला की साहेबाची चाल सुरू होते. मूकपटाच्या काळी पडद्याजवळ बसून पेटी-तबला वाजवणाऱ्यांची हीच कसरत असायची. फक्त त्या पडद्यावरचा नायक ठरल्याप्रमाणेच पडायचा. इथला मेला तर बँडला तेच पुन्हा वाजवावं लागणार. त्यामुळे चार वादकांची लय एका माणसाच्या अंगठ्यावर अवलंबून आणि तो माणूस मरत नाही. भराभर, घाम न पुसता, सगळा खेळ संपवतो.

त्यांचा ‘कॉन्ट्रा’चा कार्यक्रम मी गेल्या महिन्यात आईला दाखवला. ती मेथी निवडत होती. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. पहिल्या गिटारीला तिने नेहमीप्रमाणे कपाळाला आठी घातली, आणि मग हातातली काडी तशीच राहिली.

‘हे आपलं आहे,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘फार जोरात वाजवतायत. पण बरोबर आहे.’ ती मान हलवू लागली. मधे एका जागी बँडने घेतलेली वळणं तिने त्यांच्या आधी घेतली. पूल आला. माझा अंगठा उगाच आवळला गेला. पुलाचे तुकडे उडाले आणि तो माणूस तिकडे न बघता पलीकडे निघून गेला.

‘हा पडला नाही?’

‘नाही.’

‘बघ,’ आई म्हणाली. ह्या एका शब्दात माझं सगळं बालपण आलं.

टप्प्याच्या शेवटी ती मोठी भिंत आली, फुटली, तो आत शिरला, आणि बँडने चाल बदलली. दुसरीच काहीतरी, दबकी, कोंडलेली. आई फोनकडे बघत राहिली. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

‘अगंबाई, ह्याला पुढे होतं होय?’

मी काही बोललो नाही. तिने मेथीची दुसरी जुडी ओढली, दोरा सोडला, आणि बऱ्याच वेळाने, नाइलाजाने म्हणाली, ‘म्हणजे वन्सं खोटं सांगत नव्हत्या.’